भरवशाचा नसलेला पत्ता

मूर्तिजापूरच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहताना देवमनचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या पौर्णिमेला तिची मावशी विचारत होती,

“काहून तोंड पाडून बसली वं?”

“कर्नलमंदी म्या एक बदल सुचवला. साहेब अडवून राह्यले.”

“पलटनीतले कर्नल?”

“नाई वं! कॉम्प्युटरचा गाभा. तिथं बाहेरचा प्रोग्राम चालवाच्या आधी तपासा लागते. साहेब म्हनते, त्यातल्या फंक्शनले मेमरीतल्या जागेचा भरवशाचा नसलेला पत्ता घेऊच काहून द्याचा?”

“बराबर म्हनते. काहून द्याचा?”

“त्या जागी काय हाये ते निसतं वाचाले. पत्ता खोटा निघाला तं शून्य हाती येते, मशीन नाई बंद पडत.”

“अन् तिथं कोनी लिवाले गेला तं?”

“तपासनीतच हाकलतो त्याले.”

“मंग असंच सांग ना साहेबाले! पाहू देतो, पन हात लावू देत नाई.”

पौर्णिमेनं तेच लिहून धाडलं. गाडी लागली, लोक चढले. देवमन मात्र बुटाची नाडी पुन्हा सोडून बांधत राहिला.

“मावशी, मान्य झालं! आता बदलाच्या खाली लिवा लागते, हे उत्तर कोनं सुचवलं ते. ‘माया मावशी’ लिवतो.”

“कोन वाचते थे?”

“पुरं जग.”

“मंग मावशी नको लिवू. माया किसन इंगळे लिव. अन् धाडाच्या आधी स्पेलिंग मले दाखव.”