कावळ्याचा आडोसा

काय सांगू बाई तुमाले, माह्यं माहेर चांदूर बाजारचं, सासर इकडं तेल्हाऱ्याजवळ, कपाशीच्या काळ्या वावराचं. लग्न होऊन आली तवापासून घराची घडी मीच बसवली, कोणता डबा कुठं हाय ते डोळे मिटून सांगीन, पण माह्या आंगाची घडी काही मले बसवता आली नाई.

चौथ्या पोरीच्या बाळंतपणात मी मरता मरता वाचली. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणे, आता थांब वं माय, पुढचं लेकरू तुले घेऊन जाईन. त्याइनंच फेसाच्या गोळ्या देल्ल्या, नवरा जवळ याच्या आधी आंगात ठेवाच्या. लपवू कुठं, त डाळीच्या डब्यात तळाशी ठेवल्या. पाणकळ्यात डाळीले ओल लागली, गोळ्याइलेबी लागली, मंग फेस कुठचा, अन् पाचवा झाला. तवाबी वाचली, कशी ते देवाले माईत.

मंग बहिणीकडं जातो म्हणून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली, लूप बसवून आली, घरी सांगतलं नाई. पण रक्त काही थांबेना. आमच्या इथं बाहेरची झाली का ओसरीत बसा लागते, चुलीले शिवाचं नाई, लेकराइले शिवाचं नाई, नवऱ्यानं त जवळबी याचं नाई. मी आंघोळ करून घरात जाओ, का पुन्हा ओसरीत. सासू आंगणातून ओरडे, काहून वं, तुह्या कावळ्याले गावात दुसरं झाड नाई का? शेजारणी हासत, मीबी हासो.

शेवटी सासूनंच इलाजाले अमरावतीले धाडलं, माह्या भावासंगं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं लूप काढलं, रक्त थांबलं. म्हणे, आता नवऱ्याले आण, त्याइचं ऑपरेशन लहानसं असते. घरी येऊन याइले सांगतलं त ताट सरकवून म्हणे, मी का बैल हाय?

म्या ताट उचललं, घासलं, अन् ओसरीत जाऊन बसली. कावळा शिवला म्हटलं. शिवला नव्हता बाई. गोळीनं झालं नाई, लूपानं झालं नाई, ते कावळ्यानं केलं. तवापासून महिन्यातले जास्त दिवस मी इथंच. लहाना रांगत रांगत माह्याकडं येते, त पोरी त्याले मांगं ओढून नेतात, अन् मी पाहत राहतो.

आता सासू म्हणे, हिचा कावळा काही उडत नाई, पोराले दुसरी पाहा लागन. दुसरी आली त माह्या लेकराइले कोण पुसन, अन् नाहून घरात गेली त माह्यं काय व्हईन, ते नर्सबाईनं सांगतलंच हाय. इकून तिकून दारं लागली हायेत.

चाय तुमीच मांडून प्या, मले चुलीजवळ जाता येत नाई. सुखी राहा बाई, लेकरं बेतानं होऊ द्या. मोटर चुकवू नका. घरी गेल्यावर आंघोळ करजा, माह्याजवळ बसल्या ना तुमी. सासूनं पोरीले माह्या उद्याच्या आंघोळीचं पाणी तापवाले सांगतलं हाय. मी उद्या करीन.