आखितीआधीची चटणी

माझं म्हायेर भाटघरच्या अंगाला. धरणाचं काम चाललं व्हतं तवा आमचा बा तिथं दगड फोडायचा आन आई पाट्या वाहायची. मला दिली हितं पालीला, राजगडाच्या पायथ्याला, तवा अंगावरचं लुगडं सुदीक सावरत न्हवतं मला. हितं भात थोडं, नाचणी लई, आन दारात आंबा, रायवळच, पण झाड केवढं म्हणाल. आमच्या मामंजींनी, म्हंजी सासऱ्यांनी, सोता लावल्यालं.

तुमी चटणीचं इचारलं म्हणून सांगती. कैरी सोलायची न्हाई, सालीसकट चिरायची, पाट्यावर मीठ, वाळली मिरची, लसूण आन गुळाचा खडा घालून रगडायची. नाचणीची भाकरी कोरडी घशाखाली उतरत न्हाई, चटणी लावली की त्याच दोन जात्यात. भाकरीवर थापली, घडी घातली, फडक्यात बांधली, माणूस गुरामागं डोंगरात जाया मोकळं. उन्हात खाल्ली की ऊन लागत न्हाई म्हणत्यात. म्या बी बगितलं खाऊन, तर तहान लागती आन माणूस लई पाणी पितं, त्यानंच ऊन लागत नसंल का, काय ठावं. मला पैल्यापासनं ही खोड, हे आसंच का आन तसं का न्हाई. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणायच्या, हिला पीठ मळाया सांगितलं तर ही पिठालाच इचारत बसंल.

तर आमच्या घरची रीत लई कडक. आखितीला, म्हंजी अक्षय तृतीयेला, वाडवडलांच्या नावानं पान वाढायचं, त्यात आंबा ठेवायचा, मगच घरच्यांनी आंबा तोंडात घालायचा. दुसऱ्यांच्यात हे पिकल्या आंब्यापुरतं, आमच्यात कैरी सुदीक चालत न्हाई. आन त्या साली मामंजी नुकतेच गेल्याले, त्यांची पैलीच आखिती.

त्या चैतात माझ्या धाकट्या जावंला, हिराला, ताप भरला. पदरात तान्हं पोर. ताप उतरला पण तोंडाची चवच गेली तिची. पेज दिली, ताक दिलं, काय सांगू तुमाला, घास तोंडाशी नेला की उमळ यायची. दूध आटलं. पोर आधी रडायचं, मग रडायचं बी थांबलं, आन तेचीच आमाला भीती वाटाया लागली. हिरा एकच म्हणायची, बाई, बोटभर कैरीची चटणी द्या. आमचे मालक म्हणले, बापाच्या आधी त्याच्या झाडाचं कोण खाणार न्हाई. आखिती अजून लांब.

दुसऱ्या दिशी सकाळी आत्याबाई उठल्या, काठीनं कैऱ्या पाडल्या, सोता पाट्याशी बसल्या. पळसाच्या पानावर भाकर आन चटणी घेतली, झाडाबुडी ठेवली, डोईवर पदर घेतला आन मामंजी म्होरं बसल्यागत बोलल्या, आवं, ऐकलं का, तुमची आखिती मी आजच करती. सून जेवत न्हाई, नातवाला दूध न्हाई. राग आला तर माज्यावर काडा.

मग आत आल्या आन हिराला भरवलं. मालक उंबऱ्यात हुबे व्हते, ते दावणीची गुरं सोडून डोंगराकडं निघून गेले. हिरानं चतकोर खाल्ली, सांजंला अर्दी. उलटी झाली न्हाई. मग हळूहळू भाकर वाढली आन अंगावर दूध बी आलं.

पर त्यात काय व्हतं त्ये मला कळंना. म्या एकदा गूळ वगळून केली, एकदा मीठ वगळून, एकदा नुसती कैरीच चाटाया दिली तिला. नुसत्या कैरीला तोंड वाकडं केलं, बिनमिठाची ठेवूनच दिली, बिनगुळाची अर्दीच खाल्ली. म्हंजी एकट्याचं काम न्हाई, सगळ्यांचं मिळून काय तरी हाय. हिराला इचारलं तर म्हणली, बाई, आता मला भूक लागती, तुमचं इचारणं बास करा.

त्ये पोर आता नांगर धरतंय. आत्याबाई औंदा पुसाच्या महिन्यात गेल्या, झोपेतच, चांगलं मरण आलं. परवा झाडाखाली पैली कैरी पडल्याली घावली तर हिरानं चटणी वाटली आन पान घेऊन भाईर निघाली. म्या म्हणलं, आगं आखितीला अजून येळ हाय.

ती म्हणली, आत्याबाईंनी मला आखितीपातूर थांबवलं न्हाई, मी त्यांना कशी थांबवू.

मग म्या बी डोईवर पदर घेतला आन तिच्या शेजारी जाऊन बसली.