आंधळ्या नॉर्मनचे डोळे

...अहो, त्याला म्हटलं, बाबा रे, मला दिसतंय, लख्ख दिसतंय, मी आंधळा कशाला होऊ? पण आमचा मॅनेजर विल्फ ऐकतोय कसला! "नॉर्म्या, ब्लूजची गाणी म्हणजे दुःख! तुला रे कसलं दुःख? तुझी आई अजून तुझे मोजे धुते!" आणि छापली की हो पत्रकं, 'आंधळा नॉर्मन आणि त्याचा माउथ ऑर्गन'! साल सहासष्ट. आणि डोळे माझे ठणठणीत!

तुम्हाला सांगतो, तेव्हापासून काळा चष्मा, पांढरी काठी, आणि मी अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या नावाने गळा काढणार... मिसिसिपी पाहिलीय कुणी? इथे इंग्लंडात आमच्या वॉल्सॉलला कालवा, त्यात दोन सायकली! पण लोक रडायचे हो. मेव्हिसने माझ्याशी लग्न केलं तेही 'हा दुसरीकडे बघणार नाही' म्हणून! खरं कळल्यावर आठवडाभर बोलली नाही.

आणि बँडमध्ये गाडी चालवता येणारा मी एकटा! म्हणजे लीड्सपर्यंत व्हॅन हाकायची आंधळ्याने, कोपऱ्यावर थांबवून चष्मा लावायचा, मग ड्रमवाला टेरी "जपून हं, जपून" करत मला आत नेणार. त्यालाच अंधारात धड दिसायचं नाही, दोनदा मला खांबावर आपटलं मेल्याने. समोर खांब दिसतोय, पण चुकवायची सोय आहे का? डोळे माझे ठणठणीत, तरी टेंगूळ माझंच!

पन्नास वर्षं निभावलं हो! आणि मग डडलीच्या पबमध्ये एका बेवड्याने बिअरचा ग्लास भिरकावला... मी वाकलो. झालं! मागून एक म्हातारी किंचाळली, "अगं बाई, याला दिसतंय!" पेपरात फोटो, कार्यक्रम रद्द, घरात तोंड लपवून बसलो. लाज वाटली हो, खरंच वाटली.

शेवटी मेव्हिस म्हणाली, "चष्मा काढून जा, माफी माग, आणि गा." तयारीला लागलो, तर डोळ्यांत मोतीबिंदू! दोन्हींत! ऑपरेशनला नंबर लागायचाय अजून. तरी परवा गेलो. समोर नुसतं धुकं. माइक समजून टेरीच्या टोपीत माफी मागितली, वळलो तो थेट ड्रममध्ये! आणि लोक? उभं राहून टाळ्या! "वा! म्हाताऱ्याला अजून जमतंय की!"

घरी येऊन म्हटलं, "मेव्हिस, मला खरंच काही दिसत नाही गं."

तर म्हणते कशी, "नॉर्म, निदान घरी तरी नाटक बंद कर. आणि ती भिंत आहे, दार इकडे."