भूत कापायला माझी हरकत नाही

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या थिएटरचे मालक; व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, वर्तमानपत्रातले समीक्षकसाहेब; या सिनेमाची दिग्दर्शक आणि माझी नात, जी मघापासून माझ्याकडे डोळे वटारून बघतेय; आणि जमलेले रसिकहो,

आज सिनेमाचा इथला शेवटचा खेळ. उतरणाऱ्या सिनेमाला निरोप द्यायला सभा भरवावी, असा मालक कुठे मिळतो? भुतानंही दोन शब्द बोलावेत असं ते म्हणाले, म्हणून उभी राहिले.

मला वाचता येत नाही. परीक्षण छापून आलं तेव्हा नातीनं वाचून दाखवलं, "भूत झालेल्या आजींनी प्रेक्षकांना जागेवर खिळवून ठेवलं." मग काय विचारता! शिंप्याला ऐकवलं, भाजीवाल्याला ऐकवलं. दातांच्या डॉक्टरांना तर तोंड उघडं असतानाच ऐकवलं.

काल शेजारणीबरोबर पहिल्यांदा इथे येऊन बसले. पडद्यावर मी आले आणि अख्खं थिएटर हसलं. मला वाटलं, मागे कुणी खुर्चीवरून पडलं.

प्रसंग असा, की कॉलेजची पोरं ओसाड घरात अडकलीत, एक मुलगी टेबलाखाली लपलीय, आणि मी तिला पाय धरून ओढायचं. पण ती पोर सकाळपासून खरोखर शिंकत होती हो! माझ्या तोंडून गेलं, "अगं, गार फरशीवर बसू नकोस, पोटात दुखेल." शूटिंगला घेतलेलं घर संध्याकाळी परत द्यायचं होतं, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. राहिलं ते तसंच.

शेजारणीला विचारलं, "साहेबांनी खरं काय लिहिलंय गं?" ती चाचरत म्हणाली, "सिनेमा भीतीदायक आहे, पण भूत आलं की घाबरायचं की जेवायला बसायचं, तेच कळत नाही." साहेब, तुम्ही कशाला मान खाली घालता? ते काम आज माझं आहे.

कारण त्यानंतर जिन्यात मालकांचं बोलणं कानावर आलं. "आजींचा सीन काप, आणखी आठवडाभर लावतो." आणि ही माझी नात म्हणाली, "त्यापेक्षा सिनेमा उतरवा."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. इतकी पोरं राबली, अर्धपोटी राहिली, आणि सगळं गुंडाळायचं कशासाठी? तर म्हातारीला वाईट वाटू नये! मी मिरवत होते आणि ही पोर एकटी लोकांचं हसणं गिळत होती.

"आजी, बस ना खाली!"

ऐकलंत? बसते गं. थिएटरात तू डायरेक्टर, घरात मी. आधी सगळ्यांदेखत 'हो' म्हण. भूत कापणार ना? नुसतं रडू नकोस, मान हलव. ... हलवली! मालक, पाहिलंत? आता शब्द फिरवायचा नाही.

साहेबांनी खरं लिहिलं, तुम्ही मनापासून हसलात, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर घरची मोठी बाई बोलली असं समजून सोडून द्या. उद्या मी तिकीट काढून मागे बसेन, आणि घाबरेन.