कुणाचं उजवं

—बसा हो, केल्सोसाहेब, बसा जरा. डोंगर काय उठून चाललाय थोडाच? ती खुर्ची नको, तिचा एक पाय लंगडा आहे, त्या पिंपावर बसा, सगळे तिथेच बसतात. कॉफी घ्या, आत्ताच ठेवलीय. तुमच्या स्की—हो, हो, होतायत, ही काय एक समोर शिकंज्यात अडकवलीय. पण तळव्याला चीर केवढी पाडलीत बघा. दगडावरनं घासलात ना? आतलं लाकूड दिसतंय. ह्यात प्लास्टिक वितळवून थेंब थेंब सोडायचं, गार होऊ द्यायचं, खरवडायचं आणि परत सोडायचं. घाईघाईत भरलं की वरून गुळगुळीत दिसतं, अन् पहिल्याच वळणाला खपली निघून येते. घाईचं काम ऑरिन करत नाही, कुणालाही विचारा. आणि ह्या हेन्स गावात स्की दुरुस्त करणारा दुसरा कोण आहे? कुणी नाही. मग झालं तर.

मरीसोल? तुमच्या फिल्ममध्ये स्कीवरून उतरणारी ती ताओस गावची पोरगी? आली होती की सकाळी. तिच्याही स्कींना मेण लावून दिलं. फोन उचलत नाही म्हणता—अहो, ह्या वयाची पोरं आईचा उचलत नाहीत, तुमचा काय उचलतायत. असेल कुठेतरी. गाव केवढं आमचं? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कॅनडा. जाऊन जाऊन जाणार कुठे. साखर घालू? घालतोच. थंडी आहे.

तुम्हा फिल्मवाल्यांचं मला कौतुक आहे, खरंच सांगतो. मागच्या एप्रिलात एक टोळी आली होती—चांगली पोरं, गुणी—आणि आल्या दिवसापासून जो पाऊस लागला तो लागलाच. हेलिकॉप्टर मैदानात उभं, भाडं चालू, अन् ही मंडळी इथे दुकानात लोळतायत. माझ्याकडचे पत्त्यांचे जोड सगळे खपले. शेवटी निघायच्या दिवशी एकजण परत आला, म्हणाला, ऑरिन, ह्या जोडात चौकटचा राजा नाही, पैसे परत दे. मी म्हटलं, बाबा, महिनाभर खेळलास आणि राजा नाही हे आज कळलं? तर म्हणतो, आज पहिल्यांदा मी हरलो. —हसा की. एवढं सगळे हसतात ह्या गोष्टीला. असू द्या, तुमच्या डोक्यात उद्याचं चाललंय, कळतं मला.

उद्या आभाळ उघडणार. नक्की उघडणार. वारा उत्तरेचा झालाय, डोमकावळे उंच गेलेत, दुपारपर्यंत ढगाचा चिटोरा उरायचा नाही. त्यानंतर परत आठवडाभर अंधार. म्हणजे एकच दिवस तुमच्या हातात—आणि निघालात ऐरण नावाच्या त्या डोंगरावर. ऐरणीचं पश्चिम अंग, तेही संध्याकाळच्या उन्हात. बर्फाला सोन्याचा वर्ख लागतो तेव्हा, नाही? पोरीने सांगितलं मला. वर माथ्यावर ती, समोरच्या धारेवर कॅमेरा घेऊन तुम्ही. उतार पोटातून असा फुगलेला, की वर उभ्या माणसाला पुढचं काहीच दिसत नाही, पायाखालचं चार हात पांढरं आणि मग एकदम आभाळ. फुगवट्यापलीकडे एकीकडे घळ आहे, सरळ खाली नेणारी, लोण्यासारखी. दुसरीकडे कडा. कुठल्या बाजूला काय, ते दिसतं फक्त समोरच्या धारेवरून. म्हणजे रेडिओवर तुम्ही सांगणार आणि ती वळणार. तुम्ही तिचे डोळे. बरोबर ना? मी दुकानदार माणूस, चुकलो तर सांगा.

एक गोष्ट मात्र मला तुमच्या तोंडून समजून घ्यायची होती. उजवं म्हणजे कुणाचं उजवं? नाही, हसू नका. तुम्ही समोर उभे, ती तुमच्याकडे तोंड करून उतरणार. तुमचं उजवं ते तिचं डावं. म्हणून तुमच्या धंद्यात रीत आहे—मी ऐकलीय, कितीदा ऐकलीय—‘उतरणाऱ्याचं उजवं’, ‘बघणाऱ्याचं उजवं’, असं फोडून म्हणायचं. आणि घाईगर्दीत नुसतंच ‘उजवं’ तोंडातून निघालं, तर ते उतरणाऱ्याचं धरायचं. का? कारण पडला तर तो पडणार, बघणारा नाही. पहिल्या दिवशीच्या पोरालाही हे शिकवतात. तुम्हीसुद्धा शिकवता. मरीसोल म्हणाली, केल्सो हे दहादा घोकून घेतो. म्हटलं, घेईलच. त्याला कारण आहे.

उठू नका, थेंब अजून ओला आहे.

पाटीवर नुसतं ‘ऑरिन’ लिहिलंय, आडनाव नाही. गावात एकच ऑरिन, कशाला रंग वाया घालवा. हाउगस्टाड. ऑरिन हाउगस्टाड. —बघा, कप खाली ठेवलात. सांडलं तरी चालेल, फळी जुनीच आहे.

टोबिन हाउगस्टाडला एक भाऊ आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला? कसं असेल. अंत्यविधीला फुलं आली तुमची, पांढरी, मोठ्ठं चक्र—तुम्ही नाही आलात. आई फुलांवरची चिठ्ठी वाचून म्हणाली, भला माणूस दिसतो. तिला मी खरं सांगितलं नाही. आई जाईपर्यंत बोललो नाही.

त्या दिवशी मी खाली मैदानात होतो, साहेब. हेलिकॉप्टरच्या इंधनाची पिंपं राखत होतो, टोबिननेच लावून दिलं होतं कामाला, म्हणाला, ये, मजा बघ. तुमचाच एक जादा रेडिओ माझ्या हातात. म्हणजे ह्याच ऐरणीवर टोबिन, समोर तू आणि खाली मी—तिघांच्या कानात एकच आवाज. ऊन चाललं होतं. तू म्हणत होतास, लवकर, लवकर, उजेड जातोय. टोबिन म्हणाला, फुगवट्यावर आलो, पुढे काय? अन् तू म्हणालास, उजवीकडे घे. त्याने विचारलं, उजवीकडे? तू म्हणालास, हो, उजवीकडे, उजवीकडे, सोड. घळ तुझ्या उजवीकडे होती, केल्सो. तुझ्या. तो रीतीने गेला—नुसतं उजवं म्हणजे उतरणाऱ्याचं, त्याच्या जिवाचं. तुझ्याच फिल्मांमध्ये शिकला होता तो ती रीत.

तो कड्यावरून खाली गेला. आणि मग तू म्हणालास—मला वाटतं हे तुला आठवत नसेल—तू कॅमेरावाल्याला विचारलंस, कॅमेऱ्यात आलं का?

पडतो माणूस. डोंगर आहे, माणसं पडतात, मी काय अडाणी आहे का? जीभ घसरते, माझीही घसरते, काल एकाला डाव्या पायाचा बूट दोनदा दिला. तेवढंच असतं तर मी तुला ह्याच पिंपावर बसवून दारू पाजली असती आणि दोघं मिळून रडलो असतो. पण तू काय सांगितलंस सगळ्यांना? टोबिन जोशात आला. टोबिनने माझं ऐकलं नाही. टोबिनला कडाच हवा होता, तसाच होता तो, वेडा. मी सांगत फिरलो, मी ऐकलंय, मी ऐकलंय—तर लोक म्हणायचे, तू डोंगरावर होतास का? नव्हतो. तू होतास. तुझा शब्द वरचा. आणि पुढच्या हिवाळ्यात तुझी फिल्म ह्याच गावात, शाळेच्या सभागृहात लागली, आणि सुरुवातीलाच तो—संथ करून, पियानो लावून, माझा भाऊ सोन्याच्या उन्हात चुकीच्या बाजूला वळतोय. खाली लिहिलेलं, ‘ज्याने कधी मागे पाहिलं नाही त्याला’. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, केवढा मान दिलाय.

तेव्हापासून वाट बघतोय मी. म्हटलं, हा येणार. ऐरणीवर त्याचं अर्धं राहिलंय, ते पुरं केल्याशिवाय ह्याला झोप यायची नाही. आणि स्की ह्याला लागणारच, आणि दुकान एकच.

मरीसोल सकाळी इथेच बसली होती, तुम्ही बसलात तिथेच. हसरी पोर. उद्याचं सांगत होती, डोळे असे चमकत होते—अगदी टोबिनसारखे. आणि मी मेण फिरवता फिरवता मनात म्हटलं, नको सांगायला. जाऊ दे हिला. उद्या ह्याची जीभ पुन्हा घसरू दे, ह्या खेपेला सगळ्यांच्या देखत, मग कुठे जाईल हा, कुणावर ढकलील—

काय बोलून गेलो मी? काही नाही. मेणाचा धूर डोक्यात जातो. बंद दुकानात असं होतं.

सांगितलं मी तिला. सगळं सांगितलं. पोरीने रडबिड काही केलं नाही. एवढंच विचारलं, रेडिओवर दुसरा कोणी असेल का, की केल्सोच? मी म्हटलं, ते तूच सांग. तर म्हणाली, केल्सोच, तो दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. आणि उठली.

हा भोंगा ऐकलात? जूनोला जाणारी बोट सुटली. धक्का गावाबाहेर, तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा ती धक्क्यालाच होती आणि मरीसोल तिच्यात, तिचं सामान मीच माझ्या गाडीने पोचवून आलो होतो. पळत सुटला असतात तर गाठली असतीत. म्हणून तर कॉफी ठेवली. मी कुणाला फुकट कॉफी देत नाही, गावात विचारा.

ओरडू नका. ह्या भिंती पातळ आहेत आणि ओरडून बोट वळत नाही. उद्या ऊन पडेल, हेलिकॉप्टर मैदानात उभं असेल, पायलट तुम्हाला विचारील, कोण उतरणार? सांगा त्याला. तुम्ही उतरा की. मी खालून रेडिओवर सांगेन कुठे वळायचं.

बसलात परत? बरं.

काय? मोठ्याने बोला, उजव्या कानाने कमी ऐकू येतं मला—हो, माझ्याच उजव्या. —परत म्हणा.

‘माझं उजवं होतं.’ असं म्हणालात ना? ‘मी माझं उजवं सांगितलं.’

किती वर्षं, केल्सो. ह्याच शिकंज्यापाशी उभं राहून मी हे वाक्य तुमच्या तोंडी घालून बघितलंय. कधी गुडघ्यावर बसवून, कधी त्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं करून. वाटायचं, हे ऐकलं की मी दुकानाला कुलूप लावीन आणि टोबिनपाशी जाऊन त्याला सांगीन. आणि तुम्ही म्हणालात, आणि लगेच पुढे काय जोडलंत? ‘हे मी कॅमेऱ्यासमोर सांगतो, तू तिला फोन करून परत बोलवत असशील तर.’

तर.

अहो, मी जन्मभर गिऱ्हाईक सांभाळलंय. घेणारा कधी खिशात हात घालतो आणि कधी नुसताच खिसा चाचपतो, ते मला पाठीमागूनही कळतं. जी गोष्ट तुम्ही माझ्या आईला फुकट द्यायची होती, ती आज माझ्यापुढे विकायला मांडताय. नाही साहेब. हा माल मी घेत नाही. कुणाला सांगायचं तर सांगा, नाही सांगायचं तर नका सांगू, पण माझ्याशी सौदा नाही.

ह्या घ्या तुमच्या स्की. चीर अर्धीच भरलीय, पुढचं करणार नाही मी. नाही, पैसे नकोत. दार ओढून घ्या जाताना, ऊब बाहेर जाते.