बुडवणारा आणि काढणारा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ख्रिस्ती मंडळ्यांच्या संघाचे प्रमुख आदरणीय वीरधवलसाहेब, व्यासपीठावरचे सरपंच भाऊसो, ज्यांना निरोप देताना जीभ अडखळते ते आपले पाळकसाहेब रेव्हरंड जयराज, आणि या उन्हातही मांडवात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी लालासाहेब. मी या मंडळीतला नव्हे. शेजारच्या विहिरीचा मालक. तरी मला बोलायला उभं केलं, त्याला कारण ती विहीरच. आमच्या पणजोबांनी ती खोदली तेव्हा निघालेला काळा दगड या देवळाच्या भिंतींना लागला. शंभर वर्षं होऊन गेली, एक चिरा हललेला नाही. वरची घंटा मात्र परदेशी. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन म्हणून डोंगर आहेत, तिथल्या एका खेड्यातल्या बॅप्टिस्ट मंडळीनं ती धाडली. त्यांचंही आपल्यासारखंच, म्हणे. मोजकी घरं, छोटं देऊळ, आणि बाप्तिस्मा ओढ्यात, अख्खा माणूस पाण्याखाली बुडवून. आपल्या ओढ्याला पाणी कुठलं? म्हणून आमची विहीर.

आता राहीबाईंची हकिकत सांगतो. राहीबाई, तुम्ही आताच हसू नका, मला बोलू द्या.

वीसेक वर्षांपूर्वी यांचा बाप्तिस्मा होता. पाळकसाहेब गावात नवे. पांढरा झगा घालून विहिरीच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभे. काठावर मंडळी गात होती. इतक्यात अर्जुनाआबा मेंढरांना पाणी पाजायला आले. आबा जतकडचे मेंढपाळ. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसतात. त्यांनी काय पाहिलं? एक दांडगा गडी पोरीचं डोकं पाण्यात दाबतोय, आणि सगळे सुरात गातायत. आबांनी घोंगडं फेकलं आणि थेट उडी घेतली. पाळकसाहेबांना बाजूला ढकललं, पोर वर काढली आणि काठाकडं बघून म्हणाले, "माणसं हायसा का कोण? पोर बुडतीया आन् तुमी गाणी म्हणतायसा?"

दुसरा कुणी असता तर भडकला असता. पाळकसाहेब नाकातोंडातलं पाणी पुसत म्हणाले, "आबा, आमच्यात बुडवून वर काढायचंच असतं. काढायचं काम आजपासून तुमचं."

सगळ्यांना थट्टा वाटली. पण त्यानंतर त्यांनी मेंढरं आल्याशिवाय एकही बाप्तिस्मा ठरवला नाही. आबा दोर घेऊन पायरीवर उभे राहतात. त्यांची बिरोबाची भक्ती जिथल्या तिथं आहे. पाळकसाहेबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. या माणसाचं मला लय कौतुक वाटतं. व्यासपीठावर 'लय' म्हणालो, असू द्या, 'अत्यंत' म्हटलं की ते कमी वाटतं.

पण अध्यक्षसाहेब, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तरणी माणसं पुण्याला गेली, नऊच घरं उरली. म्हणून इथं नवा पाळक येणार नाही, देवळाला कुलूप लावून माणसांनी उपासनेला इस्लामपूरला जावं, असं कानावर आलंय. मग आज आम्ही निरोप कुणाला देतोय, पाळकसाहेबांना की देवळालाही? राहीबाईंची लेक साक्षी यंदा बाप्तिस्मा घेणार आहे. ती म्हणते, घेईन तर याच विहिरीत.

पाळकसाहेब आणि बाईसाहेब, तुम्ही आमच्यात राहिलात, त्याचं ऋण मोठं आहे. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. पाहुण्यांचा मान राखण्यात कुठं कमी पडलो असेन, तर शेजाऱ्याचा अघळपघळपणा समजून पोटात घाला.

आणि आज निरोपाचाच दिवस आहे, तर अध्यक्षसाहेब, एक निरोप तुमच्यासाठीही आहे. आबा आता थकलेत, ते बघा, मागं खांबाला टेकून बसलेत. कुलपाचं ऐकल्यावर ते इतकंच म्हणाले, "सायबास्नी सांगा, मी दोर घिऊन हुबा हाय. बुडवायला माणूस धाडा."