भावाच्या शेतावरली येळवस

माझं गाव मंठाळ, बसवकल्याण तालुक्यातलं, बाप जवारी पिकवायचा, आई चुलीम्होरं आन् मी आईला खेटून, तितंच शिकले समदं. लगीन उदगीरकडं झालं, घरधनी लवकर गेला, मग गुलबर्ग्याला आले ती आलेच. आता कलबुर्गी म्हनत्यात, पन आमच्या तोंडाला गुलबर्गाच बसलंय. इथं तुरीचे एक व्यापारी हायेत, शेठजी, त्यांच्या घरी सैपाकाला हाय मी. घर कानडी, पन चूल एकच की हो, ते एन्नेगाई म्हनत्यात, आपन भरलं वांगं.

त्या घरात माझं भांडन रोजचं, काय सांगू तुम्हाला. सून म्हनती अक्का, मिक्सर हाय की, कामून कुटायलाव? आवं, शेंगाची चटनी उखळातच कुटावी, तेल सुटंपातूर, मिक्सरात तिचा नुसता भुगा होतोय. पाव्हने आले की म्हनती भज्जीत, म्हंजी आमच्या मिसळ भाजीत, जरा पनीर टाका. मी न्हाई टाकत. मग तिचं तोंड फुगतंय, माझंबी फुगतंय. शेठजीची आई, अव्वा म्हनतो आम्ही त्यांना, त्याच मधी पडत्यात, करू द्या तिला तिच्या मनानं म्हनत्यात, म्हनून टिकले.

आन् येळवस. तुम्ही पुन्याकडचे, तुम्हाला ठावं नसंल. मार्गशीर्षाच्या आवसंला आमच्याकडं घराला कुलूप आन् समदे शेतात. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, तितंच जेवायचं. ओली तूर, हरभरा, वाटाना, मेथी, कांद्याची पात, असेल नसेल ते समदं घालून बेसनपिठाची भज्जी करायची, चिंचेचा कोळ पडल्याबिगर तिला भज्जी म्हनूच नये. ताकातली आंबील आदल्या दिशीच करून ठिवायची. हे समदं मी दर साली करते, पन शेठजीच्या शेतावर. बापाच्या शेतावर, आता भाऊ कसतो ते, तितं लगीन झाल्यापासनं मला येळवस घावलीच न्हाई कवा.

ह्या साली हट्टच धरला. अव्वा म्हनल्या, जा. भावाला फोन केला, कायबी करू नका रे, मी येऊन करते. आंबिलीचं गाडगं मांडीवर धरून, भाजीची पिशवी पायाजवळ ठिवून सकाळच्या पहिल्या बसनं गेले. शेतात बघते तर खोपीजवळ टेम्पो उभा, स्टीलचे डबे उतरवायलेत. भावजय पळत आली, पिशवी घेतली हातातली, म्हनली अक्का, वरीसभर लोकांच्या चुलीम्होरं ऱ्हाता, आज तरी बसून खावा, म्हनून भालकीच्या केटरिंगवाल्याला सांगितलं. माया करायलीय बिचारी, तिच्यावर कसं वरडू? पिशवी तशीच खोपीच्या कडंला पडून ऱ्हायली, मेथी सुकून गेली उन्हानं.

जेवायला बसलो. भज्जी लाल भडक, पनीरचे तुकडे, चिंचेचा पत्ता न्हाई. आंबील म्या वाढली, भावानं एक घोट घेतला, म्हनला आंबट लागायलीय की अक्का, आन् पेला ठिवला खाली. मग त्या भज्जीत भाकर चुरून खाल्ली, पुन्यांदा वाढून घेतली, म्हनला अक्का, अगदी आईच्या हातची चव.

आईच्या हातची! वाटलं उठावं, तो डबा उलटा करावा, म्हनावं आई गेली तवा तू केवढा होतास रे, तुला काय ठावं. मग मनात आलं, त्याला ठावं व्हनार तरी कसं? करून घालनारी मी एकलीच ऱ्हायले होते, आन् मी तर दुसऱ्याच्या घरी घालायले. खा बाबा, म्हनलं त्याला.

माघारी आले. अव्वांनी इचारलं, झाली का येळवस? झाली म्हनलं.

आता म्होरल्या साली बी शेठजीच्याच शेतावर चूल पेटंल, करीन की, न करून सांगू कुनाला. त्यांची नात हाय, बारकी, भज्जीत चिंच उलीसक कमी पडली तर वळखती ती, माझ्या आईची चव त्या कानडी लेकराला कळती, आन् आईच्या लेकाला कळंना झालीय. पोरगी लई गोड हाय, देव तिला उदंड आयुष्य देवो. पन ती ताट चाटूनपुसून खायाली की मला राग येतोय हो, लेकराचा. तिचा काय दोस? तरीबी येतोय.